मनोरुग्णसेवेतील परिचारिका आणि तिची बढती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिलवारा येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे निमंत्रण देताना चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली. अशा प्रसंगी मराठी भाषेचे भवितव्य, बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाचे कर्तृत्व किंवा नर्मदेचे माहात्म्य यांपैकी एखादा विषय घेण्याचा प्रघात आहे. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर अधिकाराने बोलणारे वक्तेही पुष्कळ आहेत. आम्ही आज निराळा विषय घेणार आहोत. मनोरुग्णांची आणि व्यसनग्रस्तांची शुश्रूषा करणारी जी परिचारिका, जिला आपण सारे ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, तिच्या सेवेतील उन्नतीचा हा विषय आहे.

मंगल प्रसंगी वेड आणि व्यसन यांच्या गोष्टी कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु आपण जमलो आहोत ती जागा या विषयाला प्रतिकूल नाही. महात्माजींच्या अस्थींचे विसर्जन १९४८ साली ज्या ज्या तीर्थांवर झाले त्यांत हा तिलवारा घाट होता, आणि त्यांचे स्मारक येथे उभे आहे. राजकारणी गांधी साऱ्यांना ठाऊक आहेत. परिचारक गांधी तितकेसे नाहीत. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना महारोगाने ग्रासले, तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमात त्यांना ठेवून घेऊन गांधीजींनी आपल्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. देशाचे राजकारण चालवीत असताही रोग्याजवळ बसणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. माणसाचा मोठेपणा आणि त्याचे रोग्याजवळ असणे यांची फारकत होऊ नये, हाच आजच्या आमच्या बोलण्याचा मथितार्थ आहे.

जबलपूर हे चाकरमान्यांचे शहर आहे. तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना, रेल्वे, हायकोर्ट यांच्या आश्रयाने येथील मराठी घरे वाढली. तेव्हा ‘बढती’ या शब्दाची थोरवी या सभेस समजावून सांगण्याची गरज नाही. बढतीची यादी लागली की पेढे वाटले जातात आणि यादीतून नाव गळले की त्या घरात चार दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही. आम्हीही केंद्र सरकारच्या चाकरीत तीस वर्षे काढली असल्यामुळे ज्येष्ठतासूची, विभागीय पदोन्नती समिती, गोपनीय अहवाल या गोष्टींशी आमचा परिचय पुस्तकी नाही. या परिचयाच्या बळावरच हा विषय हाती घेण्याचे धाडस आम्ही करीत आहोत; वैद्यकाच्या बळावर नव्हे.

आपल्या घरांतील पुष्कळ मुली, आणि आता काही मुलगेही, परिचर्येचे शिक्षण घेऊन रुग्णालयांत लागतात. मुलगी शस्त्रक्रियागृहात काम करते, असे आईबाप अभिमानाने सांगतात. अतिदक्षता विभागात आहे असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. परंतु तीच मुलगी मनोविकार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात नेमली गेली, तर घरात पहिला सल्ला मिळतो तो बदली करून घेण्याचा. स्थळे पाहताना तो तपशील मोघम ठेवला जातो. ‘वेड्यांत राहून वेड लागेल’ आणि ‘दारुड्यांत मुलीने का जावे’ ही दोन वाक्ये आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असतील. या विभागात नेमणूक म्हणजे उन्नतीचा रस्ता खुंटला, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि जेथे ती खरी आहे तेथे दोष कोणाचा, हे आज पाहू.

प्रथम या परिचारिकेचे काम काय असते ते समजून घेतले पाहिजे.

मराठी माणसाने दारूचा विचार केला तो प्रामुख्याने नाट्यगृहात बसून. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर आणि सिंधू ही नावे आपल्या तोंडी इतकी बसली आहेत की ती आपल्या नात्यातलीच माणसे वाटावीत. त्या नाटकात शपथा आहेत, उपदेश आहेत, पत्नीची निष्ठा आहे. परंतु सुधाकरचा आजार हा आजार म्हणून हाती घेणारे कोणी नाही. सिंधूच्या निष्ठेने सुधाकर वाचला नाही, ही त्या नाटकाची शोकांतिका. ते काळाला धरूनच होते, कारण तशी सोय तेव्हा नव्हती. आज ती आहे, तरीही आपण शंभर वर्षे सिंधूसाठी रडतो आणि सुधाकरला सावरण्याची विद्या शिकलेल्या सिस्टरला मात्र बदली करून घेण्याचा सल्ला देतो.

वर्षानुवर्षे रोज पिणारा मनुष्य एकाएकी दारू थांबवितो तेव्हा काय होते? पहिल्या सहा-आठ तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा धोका असतो. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे बोलावू लागतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. उपचार झाले नाहीत तर हे प्राणावर बेतते. घरात बळेच कोंडून दारू सोडविण्याचा हट्ट का धोक्याचा, हे यावरून ध्यानात यावे.

या घटका-घटकांच्या अवस्थेवर नजर ठेवणारी व्यक्ती परिचारिका असते. डॉक्टर फेरी करून जातात. रात्रीचे तीन वाजता जागी असते ती सिस्टर. कंप, घाम, अस्वस्थता, मळमळ, भास अशा दहा लक्षणांचे गुण मांडण्याचे एक कोष्टक असून त्याची कमाल बेरीज ६७ होते. ती बेरीज ठरावीक तासांनी करून, गुण वाढत असतील तर औषधाची मात्रा वाढविण्यासाठी डॉक्टरांना उठवावयाचे की नाही, हा निर्णय तिचा असतो. ग्लुकोज चढविण्यापूर्वी ‘ब-१’ जीवनसत्त्व दिले गेले आहे ना, हे ती पाहते. कारण हा क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन या औषधाच्या गोळ्या केंद्रात रोज दिल्या जातात. त्या गोळीची पूड जिभेखाली विरघळेपर्यंत रुग्णाजवळ थांबणे हेही परिचारिकेचेच काम. त्या चार-पाच मिनिटांत रुग्ण तिच्याशी जे बोलतो, ते पुष्कळदा तो दुसऱ्या कोणाशी बोललेला नसतो.

मनोरुग्णाच्या बाबतीत तिचे साधन याहूनही सूक्ष्म असते. खवळलेल्या माणसाशी बोलताना किती अंतरावर उभे राहावे, दाराची वाट अडवू नये, आवाज कसा उतरता ठेवावा, त्याच्या भासाला दुजोरा न देता त्याच्या भीतीला कसे मान्य करावे, जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार मनात आहे काय हे सरळ शब्दांत कसे विचारावे, हे सारे शिकावे लागते. शल्यविभागातील परिचारिकेच्या हातात चिमटा असतो, अतिदक्षता विभागात यंत्र असते. येथे परिचारिकेचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व हेच उपकरण असते. आणि हे उपकरण वर्षांनी बोथट न होता धारदार होते. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

आता थोडा इतिहास. जुन्या मध्य प्रांतात वेड्यांची इस्पितळे दोन होती. एक नागपूरला आणि दुसरे आपल्या जबलपूरला. ‘इस्पितळ’ हे नाव होते इतकेच. त्या काळी अशा जागी औषधापेक्षा कोंडण्याला महत्त्व होते आणि तेथील सेवकवर्ग तुरुंगातील पहारेकऱ्यांच्या जातकुळीचा होता. १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ असे होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या. शिकलेल्या परिचारिकांची वाण तर त्याहून मोठी होती.

परिचर्या हा प्रतिष्ठित स्त्रीचा व्यवसाय होऊ शकतो, हे मराठी समाजाला पटविण्याचे श्रेय ज्या थोड्या व्यक्तींना आहे त्यांत रमाबाई रानडे अग्रभागी आहेत. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि तेथील मुलींना व विधवांना परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडण्यास रमाबाईंनी आरंभ केला. तेव्हा उठलेला गहजब आजच्या पिढीस खरा वाटणार नाही. परपुरुषाच्या अंगास हात लावणे, जातपात न पाहता मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे, या एकेका गोष्टीवर आक्षेप होता. ते सारे आक्षेप विरले. रुग्णालयाच्या इतर सर्व विभागांतून विरलेला तो जुना विटाळ आता मनोरुग्णालयाच्या दाराशी तेवढा शिल्लक आहे, असे आम्हांस वाटते.

शिक्षणाच्या बाजूने मात्र प्रगती झाली. १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तेथे परिचारिकांसाठी मनोरुग्ण-परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ साली त्याच संस्थेचे ‘निम्हान्स’ झाले. रांचीच्या केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेतही असे शिक्षण मिळते. आज मुलीने सामान्य परिचर्येची पदविका वा चार वर्षांची पदवी घेतली, की पुढे या शाखेतील एक वर्षाची विशेष पदविका, त्यानंतर मानसिक आरोग्य हा विषय घेऊन पदव्युत्तर पदवी, आणि इच्छा असल्यास डॉक्टरेट, असा सरळ मार्ग तिच्यापुढे आहे. तेव्हा या शाखेत शिक्षणाची पायरी नाही, हा समज निराधार आहे.

कायद्यानेही तिला स्थान दिले आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची जागा घेणारा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या मानसिक आजाराच्या व्याख्येतच येतात, असे तो सांगतो. म्हणजे दारुडा हा केवळ दुर्वर्तनी नसून रुग्णही आहे, ही गोष्ट आता कायद्याची झाली. साखळदंडाने बांधण्यास या कायद्याने पूर्ण मनाई केली आहे. त्यातच ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ या संज्ञेची व्याख्या आहे. इतकेच नव्हे, तर केंद्रीय आणि राज्य अशा दोन्ही मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर, या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेली एक परिचारिका सदस्य म्हणून असली पाहिजे, असा दंडक आहे. बडे सचिव, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्या पंक्तीस कायद्याने तिची खुर्ची मांडली आहे. ज्या आईबापांना मुलीचा रस्ता खुंटल्यासारखा वाटतो त्यांनी हे कलम वाचावे.

पगाराचे म्हणाल, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे केंद्राच्या सेवेत नर्सिंग ऑफिसर सातव्या स्तरावर लागते आणि तिचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. मनोविकार विभागात काम केल्याने त्यात एक रुपयाही कमी होत नाही.

मग अडते कोठे? आता आम्ही आमच्या मूळ मुद्द्यावर येतो.

केंद्राच्या रुग्णालयांतील शिडी पाहा. नर्सिंग ऑफिसर, मग सीनियर नर्सिंग ऑफिसर, मग असिस्टंट नर्सिंग सुपरिंटेंडेंट, पुढे डेप्युटी आणि शेवटी नर्सिंग सुपरिंटेंडेंट. पहिल्या पायरीवर ती रुग्णाजवळ असते. दुसऱ्या पायरीवर वॉर्डाचा साठा, चादरींचा हिशेब आणि पाळ्यांचे तक्ते तिच्या हाती येतात. तिसरीवर ती अनेक वॉर्डांची देखरेख करते आणि त्यापुढे कार्यालयातच बसते. शिकविण्याकडे वळावे तर तेथेही ट्यूटरपासून प्राचार्यापर्यंतची वाट वर्गातून आणि कचेरीतून जाते. तात्पर्य, ज्या ज्या वेळी तिला बढती मिळते त्या त्या वेळी ती रुग्णापासून एक खोली दूर जाते.

कारखान्यात वा कचेरीत ही रीत चालून जाते. कारकून हेडक्लार्क झाला म्हणून फायलीचे अडत नाही. मनोरुग्णसेवेत मात्र याचा अर्थ फार निराळा होतो. वीस वर्षांच्या अनुभवाने जिचे कान असे तयार झाले आहेत की रुग्णाच्या ‘बरे आहे’ या दोन शब्दांतला धोका तिला कळतो, तिला आपण चादरी मोजावयास बसवितो. आणि आत्महत्येच्या उंबरठ्यावरील माणसाजवळ काल रुजू झालेल्या मुलीला उभे करतो. पुन्हा अनेक रुग्णालयांत काही काळाने विभाग बदलण्याची पद्धत आहेच. विशेष पदविका घेतलेली परिचारिका त्या फिरत्या चाकात कधी अस्थिरोग विभागात, कधी बाह्यरुग्ण विभागात जाऊन पडते. २०१७ च्या कायद्यातील व्याख्येतही सामान्य परिचर्येची पदविका आणि मनोरुग्ण-परिचर्येची पदविका या दोहोंना एकाच ओळीत बसविले आहे. मनुष्यबळ अपुरे असताना दार रुंद ठेवणे समजण्याजोगे आहे. परंतु त्यामुळे जादा शिकलेल्या मुलीला आपल्या शिक्षणाचे वेगळे मोल मिळाले असे वाटत नाही.

आमच्या सेवेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणारी जी सुधारित आश्वासित प्रगती योजना आहे, तिने एक गोष्ट सिद्ध केली आहे. पद न बदलता वेतनाचा स्तर वाढविता येतो. तेव्हा खजिन्याची अडचण ही अखेरची अडचण नाही. उणीव आहे ती दर्जाची. रुग्णाजवळ राहूनच वर चढता येईल अशा पायरीची.

अशी पायरी जगात कोणी बांधली आहे काय? होय. हिल्डगार्ड पेप्लाऊ ही अमेरिकन परिचारिका १९३१ साली आपले प्रशिक्षण संपवून साध्या नोकरीस लागली. दुसऱ्या महायुद्धात तिने इंग्लंडमधील लष्करी मनोरुग्णसेवेत काम केले. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच उपचाराचा गाभा आहे, असे प्रतिपादन करणारा तिचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ तयार होऊन काही वर्षे तो छापला गेला नव्हता. कारण सहलेखक म्हणून डॉक्टराचे नाव नसलेले परिचारिकेचे पुस्तक काढणे प्रकाशकांना धाडसाचे वाटत होते. पुढे रट्गर्स विद्यापीठात वीस वर्षे राहून तिने मनोरुग्ण-परिचर्येतील ‘क्लिनिकल स्पेशालिस्ट’ तयार करणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. या स्पेशालिस्टचे वैशिष्ट्य असे, की तिचा दर्जा वरचा, अधिकार वरचा, आणि काम मात्र रुग्णाजवळचे. कठीणात कठीण रुग्ण तिच्याकडे यावा आणि नव्या मुलींनी तिच्या शेजारी बसून शिकावे, अशी ती योजना. डॉक्टरांच्या पेशात हे आपण सहज मानतो. शल्यचिकित्सक जितका मोठा तितकी अवघड शस्त्रक्रिया त्याच्याकडे जाते. मोठा झाला म्हणून त्याची सुरी कोणी काढून घेत नाही. परिचारिकेला निराळा न्याय का?

परदेशीचा दाखला पुरेसा वाटत नसेल तर पुण्याचा घ्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या देणगीचा त्याला आधार होता. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभारले. अनिताताई त्याच मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली त्यांचे निधन झाले आणि पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ती धुरा घेतली. या संस्थेचा एक विशेष असा, की व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे कार्यकर्ते आणि समुपदेशक होतात. ज्याने ती वाट चालली आहे तोच नव्या माणसाचा हात धरतो. संस्थेत ज्याचा अनुभव मोठा, तो रुग्णाच्या जवळ राहावा, हे सूत्र तेथे लोकांच्या अंगवळणी पडले आहे. सरकारी सेवानियमांत जे तत्त्व सापडत नाही, ते एका लोकसंस्थेने व्यवहारात आणून दाखविले, ही गोष्ट मराठी माणसाला भूषणावह आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या थोड्या परिचारिकांच्या बढतीचा हा प्रश्न, त्यासाठी सभेचा वेळ का घ्यावा? त्याचे उत्तर आकडे देतील. २०१५-१६ साली निम्हान्सने बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. आपला मध्य प्रदेश त्यांत होता. प्रौढांपैकी सुमारे साडेदहा टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीची एम्स यांचा व्यसनविषयक अहवाल आला. देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांतील पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची आवश्यकता आहे, असे त्यात म्हटले आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. उरलेली सदतीस माणसे कोठे जातात? ती घरात असतात. म्हणजे पुन्हा सिंधूच्याच पदरी असतात. किंवा ती कुलूप लावून कोंडणाऱ्या आणि स्वतःला केंद्र म्हणविणाऱ्या जागी जातात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे अशाच एका आश्रयस्थानात आग लागली आणि साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. शिकलेली परिचारिका जेथे नसते तेथे तिची जागा साखळी घेते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अडतीस जणांपैकी सदतीस ज्या देशात उपचारावाचून राहतात, तेथे अनुभवी परिचारिकेला रुग्णाजवळून उठविणे ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

आता उपायांविषयी. शासनाने करावयाचे ते शासनाकडे मागू: मानसिक आरोग्य आणि व्यसनोपचार यांसाठी परिचारिकांचा स्वतंत्र संवर्ग असावा; विशेष पदविका घेतलेल्या परिचारिकेची त्या विभागातून तिच्या संमतीवाचून बदली होऊ नये; आणि रुग्णसेवेतच राहणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकेसाठी पर्यवेक्षकाच्या तोलाचे वेतन व दर्जा असलेले पद निर्माण व्हावे. मागणीचा अर्ज लिहिणे हे आमचे आयुष्यभराचे काम आहे. मंडळाने ठराव केला तर त्याचा मसुदा तयार करून देण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने घेऊ.

परंतु शासनाचा कारभार शासनाच्या गतीने चालतो. मंडळाला जे आजच करता येण्यासारखे आहे ते असे. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाला नवे पंखे, नवा रंगमंच घेण्याचा विचार आहे, असे कानी आले. ते अवश्य व्हावे. त्याच निधीतून दरवर्षी एका परिचारिकेला वा परिचारकाला मनोरुग्ण-परिचर्येच्या एक वर्षाच्या पदविकेसाठी शिष्यवृत्ती द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. ती मराठीच असावी असा आग्रह नको. नर्मदेचे पाणी पिऊन हे मंडळ पन्नास वर्षे जगले. येथील रुग्ण मराठी, हिंदी, गोंडी कोणतीही भाषा बोलो, तो आपलाच आहे.

दुसरी सूचना खर्चाची नाही. गुणवंतांच्या सत्कारात आपण दहावी-बारावीची मुले, अभियंते, सनदी लेखापाल यांना नारळ देतो. एका वर्षी तो नारळ मनोविकार विभागातील सिस्टरला द्यावा, आणि तिच्या विभागाचे नाव ध्वनिक्षेपकावरून मोकळेपणाने घ्यावे. ज्या घरी ते नाव मोघम ठेवले जाते तेथे त्याचा परिणाम कोणत्याही व्याख्यानाहून अधिक होईल.

तिसरी सूचना घराघरासाठी आहे. कोणाच्या घरी हे दुखणे असेल तर ते झाकून ठेवू नये. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला असून त्यावर दूरध्वनी करण्यास पैसे पडत नाहीत. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. तिलवाऱ्याहून शहराकडे परतताना तो आपल्या वाटेवरच लागतो. आणि घरातील मुलीने या शाखेत जाण्याची इच्छा बोलून दाखविली, तर ‘पुढे काय?’ हा प्रश्न तिला जरूर विचारावा, परंतु तिचे उत्तर ऐकून घेण्याइतका धीर धरावा. ज्या कामात वय वाढल्याने किंमत वाढते असे व्यवसाय जगात फार थोडे आहेत, आणि हा त्यांतला एक आहे.

उन्नती म्हणजे केवळ वर जाणे नव्हे, खोल जाणेही उन्नतीच होय. शासनाने ती ओळखण्याची व्यवस्था करावी, आणि तोवर समाजाने ती ओळखण्यास आरंभ करावा, एवढीच आमची प्रार्थना आहे. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत शिष्यवृत्तीची सूचना विषयपत्रिकेवर घेतली जावी, अशी अध्यक्षांना विनंती करून, आम्ही आपली रजा घेतो.